शरणपूरचा जेकब

१८६४ च्या ऐन पावसाळ्याच्या तोंडावर डेव्हिड लिव्हिंग्स्टन ‘लेडी न्यासा’ ही आपली लहानशी आगबोट स्वतः हाकारत झांजिबारहून मुंबईला आला. अडीच हजार मैल, पंचेचाळीस दिवस. सहा हजार पौंड पडलेली ती बोट पुढे जेमतेम तेवीसशेला गेली. ते पैसे त्याने हिंदुस्थानातल्या एका बँकेत ठेवले. मुंबईत तेव्हा कापसाचा पैसा उतू जात होता. अमेरिकेतली यादवी संपली, फुगा फुटला, आणि ती बँकही बुडाली. सिंहाच्या जबड्यातून सुटलेला माणूस ठेवीदार म्हणून मात्र सापडला! जन्मभर बँकेत खतावण्या तपासलेल्या मला त्याच्याविषयी आपुलकी वाटते ती इथून.

पण सांगायचं आहे ते जेकब वेनराइटबद्दल. नाशिकजवळ शरणपूरला मिशनऱ्यांची शाळा होती. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं तिथे लिहायला-वाचायला आणि हातचं कसब शिकत. जेकब त्यांतलाच. १८७२ मध्ये तो लिव्हिंग्स्टनच्या तांड्यात दाखल झाला.

१ मे १८७३ च्या सुमारास, आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन गेला. सुसी आणि चुमा या जुन्या सोबत्यांनी सगळ्यांना जमवून पेट्या उघडल्या आणि जेकबने एकेका वस्तूची नोंद केली. मयत खातेदाराचा लॉकर पंचांसमक्ष उघडताना आम्ही करत असू, अगदी तशी. भर रानात, वारस हजारो मैलांवर; कुणी काही लांबवलं असतं तर विचारणारं कोण होतं?

काळीज तिथल्याच झाडाखाली पुरलं. प्रार्थना जेकबने वाचली, खोडावर लेखही त्यानेच कोरला. देह मीठ लावून उन्हात वाळवला, झाडाच्या सालीत गुंडाळला, आणि नऊ महिन्यांनी, दीड हजार किलोमीटरांहून जास्त वाट तुडवून, समुद्रकाठच्या बागामोयोला पोचवला. वाटेत कॅमेरॉन या इंग्रज अधिकाऱ्याने सल्ला दिला, इथेच पुरा. त्यांनी ऐकलं नाही. एका मुलखातले लोक प्रेत नेऊ देईनात, तेव्हा त्याचं कापडाच्या गाठोड्यासारखं बोचकं बांधलं.

लंडनला ओळख पटली ती सिंहाने मोडलेल्या डाव्या दंडाच्या हाडावरून. १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत दफन झालं. शवपेटीच्या मानकऱ्यांत स्टॅन्लीबरोबर जेकब होता. सुसी-चुमांना मात्र किनाऱ्यावरच पगार चुकता करून मोकळं केलं होतं. ते इंग्लंडला पोचले तेव्हा सारं उरकलं होतं. जेकब आफ्रिकेत परतला, १८९२ मध्ये उरांबोला वारला. अ‍ॅबीतल्या शिळेवर, विश्वासू हातांनी इथवर आणलेला, असा उल्लेख आहे. त्या हातांची नावं नाहीत.