‘रन’ म्हणजे केवळ धांवणें नव्हे

‘माझें घड्याळ वॉक करतें’ असें इंग्रजींत लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण जातात. पण दोष शब्दाला शब्द शिकविणाऱ्यांचा असतो. आपलें घड्याळ चालतें, इंग्रजांचें ‘रन’ करतें. त्यांचें नाक ‘रन’ करतें, आपलें वाहतें. धुतांना कापडाचा रंग ‘रन’ झाला, तर आपण तो सुटला म्हणतों. दुकान ते ‘रन’ करतात, आपण चालवितों. निवडणुकीला अमेरिकेंतील उमेदवार ‘रन’ करतो, इंग्लंडांतील मात्र आपल्यासारखाच उभा राहतो! ऑक्सफर्डच्या कोशकारांनीं २०११ पर्यंत या एकट्या क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदविले. ते पाठ करणें व्यर्थ आहे. ‘रन’ दिसतांच ‘धांवणें’ हा अर्थ लावण्यापूर्वीं मुलानें एवढेंच विचारावें : धांवणारें कोण? नाक असेल तर तें वाहील, दुकान असेल तर चालेल.