विश्लेषण : रॅम चार जीबीची, संगणक दाखवतो सव्वातीन; उरलेली जाते कुठे?

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील शाळा, पतसंस्था, दूध संस्था आणि अनेक घरांत दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे संगणक आजही रोजच्या कामात आहेत. ते मंदावले की पहिला सल्ला मिळतो तो रॅम वाढवण्याचा. दोन जीबीच्या जागी चार, चारच्या जागी आठ जीबी बसवली जाते, बिल फाडले जाते आणि संगणक मात्र पूर्वीसारखाच रखडतो. दोष दुकानदाराला दिला जातो किंवा रॅमच्या कंपनीला. बऱ्याचदा दोष दोघांचाही नसतो. बसवलेली रॅम ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, दिसतच नसते.

कर्नल म्हणजे काय?

सैन्यातला कर्नल नव्हे. विंडोज असो, लिनक्स असो की फोनमधले अँड्रॉइड, त्याच्या मुळाशी एक प्रोग्राम असतो. तो प्रोसेसर, मेमरी, डिस्क, प्रिंटर यांच्याशी थेट बोलतो आणि बाकीच्या सगळ्या प्रोग्रामना त्यांचा वाटा देतो. टॅलीला किती रॅम, ब्राउझरला किती, हे तोच ठरवतो. त्याच्या नोंदीत जेवढी मेमरी आहे, तेवढीच वाटली जाते.

नोंद नाही, तर जमीन नाही

सातबारा ठाऊक असलेल्या वाचकाला हे लगेच कळेल. रॅम ही जमीन धरा. तिच्या प्रत्येक तुकड्याला, म्हणजे प्रत्येक बाइटला, एक क्रमांक लागतो. जसा जमिनीला गट नंबर. कर्नल हा तलाठी. ज्या तुकड्याला क्रमांक नाही, तो तलाठ्याच्या दप्तरात नाही आणि तो कुणाच्या नावावर चढणार नाही.

३२ बिटी कर्नलच्या दप्तरात हा क्रमांक लिहायला ३२ घरे असतात आणि प्रत्येक घरात शून्य किंवा एक, एवढेच लिहिता येते. त्यातून होणारे एकूण क्रमांक ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६. बाइटच्या हिशेबात हे बरोबर ४ जीबी होतात. पाचवा जीबी बसवला तर त्याला द्यायला क्रमांकच शिल्लक नाही.

पण मग पूर्ण चार तरी दिसायला हवेत. ते का दिसत नाहीत? कारण क्रमांक फक्त रॅमला लागत नाहीत. ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क कार्ड, यूएसबी, मदरबोर्डवरचे बायोस यांच्याशीही प्रोसेसर क्रमांकानेच बोलतो आणि हे क्रमांक त्याच ४ जीबीच्या यादीच्या वरच्या टोकातून दिले जातात. गावात रस्ता, गायरान, शाळेची जागा यांना गट नंबर आधीच दिलेले असावेत, तसे. त्या क्रमांकांवर असलेली रॅम झाकली जाते. म्हणून कुणाच्या संगणकावर ३.२५ जीबी दिसते, कुणाच्या ३.५, तर मोठे ग्राफिक्स कार्ड असेल तर जेमतेम ३. दोन एकसारख्या संगणकांवर वेगळे आकडे दिसण्याचे कारणही हेच. त्यात भानामती काही नाही.

पीएई : जादा घरे जोडण्याची युक्ती

इंटेलने १९९५च्या पेंटियम प्रोमध्ये यावर एक तोड काढली. फिजिकल अ‍ॅड्रेस एक्स्टेन्शन, म्हणजे पीएई. क्रमांकाची घरे ३२ वरून ३६ केली आणि मर्यादा ४ जीबीवरून ६४ जीबीवर गेली. प्रोसेसरला हे जमत होते, पण कर्नलने ते वापरायला हवे होते. मायक्रोसॉफ्टने सर्व्हरसाठीच्या काही ३२ बिटी विंडोजमध्ये ते वापरू दिले. घरगुती आणि ऑफिसच्या ३२ बिटी विंडोजला मात्र ४ जीबीच्या कुंपणातच ठेवले. कारण व्यवहार्य होते: स्वस्त हार्डवेअरचे अनेक ड्रायव्हर ४ जीबीपुढचा क्रमांक आला की गडबडत आणि संगणक निळ्या पडद्यावर आपटे. ग्राहकाला त्यातले काही सांगितले गेले नाही, ही तक्रार मात्र रास्त आहे.

लिनक्समध्ये हाच निर्णय उघड्यावर होता. ३२ बिटी लिनक्स कर्नल ४ जीबीच्या क्रमांकांपैकी साधारणपणे ३ जीबी प्रोग्रामना देतो आणि १ जीबी स्वतःकडे ठेवतो. त्या एका जीबीतून तो थेट हाताळू शकतो ती रॅम ८९६ एमबी. त्यामुळे साध्या मांडणीतला कर्नल १ जीबी रॅमच्या संगणकावरही १२८ एमबी वाया घालवत असे. त्यापुढची रॅम हवी असेल तर कर्नल तयार करतानाच ‘हायमेम’ नावाचा पर्याय निवडावा लागे. तो बंद ठेवायचा, ४ जीबीपर्यंत उघडायचा, की पीएई वापरून ६४ जीबीपर्यंत, असे तीन मार्ग होते. चुकीचा पर्याय निवडून बनवलेला कर्नल सुरू होताना फक्त एक इशारा छापे आणि उरलेली रॅम सोडून देई. पुढे डेबियनसारख्या वितरणांनी पीएई असलेला आणि नसलेला असे दोन तयार कर्नल द्यायला सुरुवात केली, म्हणजे सामान्य माणसाला कर्नल स्वतः बनवायची गरज उरली नाही.

हे सगळे आता इतिहासजमा होत आहे. लिनक्स कर्नलच्या २०२५ मधील ६.१५ आवृत्तीत ३२ बिटी कर्नलसाठीचा ६४ जीबीचा पर्याय काढून टाकण्यात आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये जुन्या ३२ बिटी पीसीसाठी कर्नल आणि इन्स्टॉलर दोन्ही दिलेले नाहीत. विंडोज ११ तर मुळातच फक्त ६४ बिटी आहे.

आपल्या संगणकावर कसे ओळखायचे?

विंडोज १० मध्ये ‘सेटिंग्ज’, त्यात ‘सिस्टीम’ आणि शेवटी ‘अबाउट’ उघडावे. तिथे बसवलेली रॅम आणि कंसात वापरता येणारी रॅम, असे दोन आकडे असतात. खाली ‘सिस्टीम टाइप’ची ओळ असते, आणि रॅम विकत घेण्याआधी वाचायची ओळ हीच. ‘३२ बिट ऑपरेटिंग सिस्टीम, एक्स ६४ प्रोसेसर’ असे लिहिले असेल, तर प्रोसेसर ६४ बिटीला तयार आहे आणि फक्त विंडोज जुन्या दप्तरावर चालले आहे. एएमडीने २००३ मध्ये पीसीच्या प्रोसेसरमध्ये ६४ बिटी मांडणी आणली, पुढच्याच वर्षी इंटेलने ती उचलली. त्यामुळे कोअर टू ड्युओपासून पुढचे जवळपास सगळे डेस्कटॉप या ओळीत बसतात. लिनक्सवर टर्मिनलमध्ये ‘फ्री’ ही आज्ञा दिली की कर्नलला दिसणारी एकूण रॅम कळते.

ओळीत ६४ बिट असूनही रॅम कमी दिसत असेल, तर कारण दुसरीकडे शोधावे. सुरुवात सगळ्यात स्वस्त उपायाने करावी. उन्हाळ्यातली धूळ आणि ऊसतोडणीच्या हंगामातली काजळी या भागातल्या संगणकांत भरपूर साचते. वीज बंद करून रॅम काढावी, तिच्या सोनेरी टोकांवर हलक्या हाताने खोडरबर फिरवावा, स्लॉट ब्रशने झाडून ती पुन्हा खट्‌कन बसेपर्यंत दाबावी. अनेक तक्रारी इथेच मिटतात. त्यानंतर बायोसमध्ये ‘मेमरी रीमॅप’ हा पर्याय चालू आहे का, ते पाहावे. उपकरणांच्या क्रमांकाखाली झाकलेली रॅम ४ जीबीच्या वर नेऊन तिला नवे क्रमांक देण्याचे काम तो करतो. कर्नल सुरू होताना बायोसकडूनच मेमरीचा नकाशा घेतो. नकाशातच नसलेली रॅम तो शोधायला जात नाही.

आणखी एक फसवी जागा आहे. विंडोजच्या ‘एमएसकॉन्फिग’मध्ये बूटच्या प्रगत पर्यायांत ‘मॅक्झिमम मेमरी’ अशी चौकट असते. तिथे खूण करून आकडा टाकला की वेग वाढतो, असा समज पसरलेला आहे. प्रत्यक्षात ती चौकट मेमरीवर मर्यादा घालण्यासाठी आहे. खूण असेल तर काढून टाकावी.

६४ बिटी विंडोज टाकले की झाले?

कागदावर हो. विंडोजचा परवाना ३२ आणि ६४ बिटी दोन्हींना चालतो, म्हणून त्याच आवृत्तीसाठी वेगळे पैसे लागत नाहीत. पण ३२ वरून ६४ वर थेट अपग्रेड होत नाही. फॉरमॅट मारूनच नव्याने टाकावे लागते. म्हणजे आधी बॅकअप. पतसंस्थेच्या ठेवींच्या नोंदी किंवा शाळेचे दाखले त्या डिस्कवर असतील, तर बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्यावा आणि तो दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिल्याशिवाय फॉरमॅटला हात लावू नये.

खरी अडचण त्यानंतर येते. गावोगावच्या संस्थांत डॉसच्या काळातले हिशेबाचे प्रोग्राम अजून चालतात. फॉक्सप्रोमध्ये कुणीतरी बनवून दिलेले, बनवणाऱ्याचा पत्ता नसलेले. ३२ बिटी विंडोज हे १६ बिटी प्रोग्राम चालवते. ६४ बिटी विंडोज चालवत नाही. जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचा किंवा वजनकाट्याला जोडलेल्या कार्डाचा ड्रायव्हरही ६४ बिटी लागतो आणि तो नेहमी मिळतोच असे नाही. रॅम दिसू लागली आणि दूधबिल निघेना, असा सौदा कोणत्याही सचिवाला परवडणारा नाही. अशा ठिकाणी ‘डॉसबॉक्स’सारख्या प्रोग्राममध्ये जुना हिशेब चालतो का, प्रिंट नीट निघते का, हे आधी दुसऱ्या संगणकावर करून पाहावे. नाहीच जमले तर तो एक संगणक इंटरनेट काढून ३२ बिटीवरच राहू द्यावा आणि त्यासाठी जादा रॅम घेऊ नये.

दुसरा मुद्दा सुरक्षेचा. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि बहुतेक जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. इंटरनेटवर काम करायचे असेल तर अशा यंत्रासाठी ६४ बिटी लिनक्स हा विचारात घेण्याजोगा पर्याय आहे. सी-डॅकने विकसित केलेली ‘बॉस’ ही प्रणाली डेबियनवरच आधारलेली आहे. ज्या संगणकात जेमतेम २ जीबी रॅम आहे आणि वाढवायचीही नाही, तिथे मात्र निव्वळ रॅमसाठी ६४ बिटीचा फायदा नाही, उलट तीच रॅम थोडी लवकर भरते.

याच बारामतीत कृषी विकास प्रतिष्ठानच्या शेतात उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग होतो आणि २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला त्याचा जाहीर उल्लेख करतात. विकास सोसायट्यांच्या संगणकीकरणासाठी केंद्राने जून २०२२ मध्ये ६३ हजार संस्थांकरिता २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. पण शाळेची प्रयोगशाळा किंवा लहान पतसंस्था यात येत नाही. तिच्यासाठी आहे त्या यंत्रातला न दिसणारा पाऊण जीबीसुद्धा हिशेबाचा आहे.

हातातल्या फोनचे काय?

अँड्रॉइडच्या मुळाशी लिनक्स कर्नलच आहे. ४ जीबीच्या फोनवर थोडी कमी रॅम दिसते, कारण ग्राफिक्स, कॅमेरा, मोडेम यांच्यासाठी काही भाग सुरुवातीलाच राखून ठेवलेला असतो. तो परत मिळवता येत नाही आणि मिळवायचीही गरज नाही. ‘४ अधिक ४ जीबी’ अशा जाहिरातीतली दुसरी चार जीबी मात्र रॅम नसते. ती फोनच्या स्टोरेजमधून उसनी घेतलेली जागा असते आणि रॅमपेक्षा खूप मंद असते.

सगळे करूनही रॅम दिसली नाही तर?

मग मदरबोर्डचा चिपसेट पाहावा. २००५ च्या सुमाराच्या इंटेल ९४५ चिपसेटच्या बोर्डांवर ६४ बिटी प्रोसेसर बसतो, ६४ बिटी विंडोजही चालते, पण रॅम सव्वातीन जीबीच्या आसपासच दिसते. रीमॅपची सोयच त्या चिपसेटमध्ये नाही. तिथे कर्नल बदलून काही साधत नाही. रॅम घेताना दुकानदाराकडून बोर्डाचा मॉडेल क्रमांक बिलावर लिहून घ्यावा आणि दिसली नाही तर परत घेण्याचे आधीच ठरवून ठेवावे.