गहू चालत नाही, त्याने काय खावे?

आपल्या देशावर पूर्वी गहू हे सणाचे धान्य होते. पाहुणा आला की पोळी, एरवी भाकरी. आता तसे राहिले नाही. शहरात तर सकाळी पाव, दुपारी पोळी आणि चहाबरोबर बिस्किट. सगळा गहूच.

बहुतेकांना तो पचतो, अंगी लागतो. पण काही माणसांच्या आतड्याला गहू मुळीच चालत नाही. या दुखण्याला सिलिॲक म्हणतात. नाव परके आहे, पण दुखणे आपल्याकडेही आहे. उत्तर भारतात रोजचे जेवण गव्हाचे. तिथे तपासणी केली, तेव्हा साधारण शंभर माणसांत एकाला हे दुखणे आढळले. पुष्कळांना त्याचा पत्ताही नव्हता.

समजा, आपला मुलगा कॉलेजसाठी शहरात गेला. वसतिगृहात राहिला. घरी भाकरी होती, खानावळीत दोन्ही वेळा पोळी. चार महिन्यांनी घरी आला तो वाळूनच. पोट फुगते. जुलाब होतात. तोंड येते. थोडे चालले की दम लागतो. रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या, त्यांनीही रक्त वाढत नाही. आजी म्हणते, “नजर लागली.” बाप म्हणतो, “खानावळीचं अन्न बाधलं.” बापाचे म्हणणे अर्धे खरे निघू शकते! अन्न शिळे नव्हते, वाईटही नव्हते. ते गव्हाचे होते, एवढेच.

गव्हात असे काय आहे? आयाबायांना हे लवकर समजेल. गव्हाची पोळी लाटता येते, ज्वारीची भाकरी थापावी लागते. असे का? गव्हाच्या पिठाला चिकटपणा असतो. कणकेचा गोळा पाण्यात धूत राहा. पांढरे पाणी निघून जाते आणि हातात रबरासारखा चिवट गोळा उरतो. त्याला ग्लूटेन म्हणतात. ज्वारीत ते नाही, म्हणून भाकरी तुटते. सिलिॲकच्या माणसाला हे ग्लूटेनच बाधते. गव्हाची भावंडे म्हणजे जव आणि राय. त्यांतही तसाच पदार्थ असतो.

आता आतड्यात काय होते ते पाहू. रोपाच्या मुळांना बारीक तंतू असतात. त्यांनी रोप पाणी ओढते. आपल्या लहान आतड्याच्या आतही तशीच बारीक लव असते. ती अन्नातला कस ओढून रक्तात घालते. शरीरात रोगाशी लढणारी एक फौज असते. सिलिॲकमध्ये ही फौज ग्लूटेनला शत्रू समजते आणि आपल्याच आतड्यावर तुटून पडते. लव झिजून सपाट होते. मग शेतात पाणी तुडुंब, पण मुळेच जळालेली, अशी गत होते. पोरगा पोटभर जेवतो आणि वाळत जातो. पुढे हाडे ठिसूळ होतात. मुलींची पाळी बिघडते.

गहू हे कारण आहे, हे जगाला फार उशिरा कळले. हॉलंड देशात डिके नावाचे मुलांचे डॉक्टर होते. ही मुले पावाने बिघडतात, असा त्यांना आधीपासून संशय होता. मग महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे मोठी उपासमार झाली. पाव मिळेना. गावची माणसे फुलांचे कंद उकडून खाऊ लागली. सगळी मुले खंगली, पण डॉक्टरांची ही आजारी मुले मात्र सुधारली. युद्ध संपून पाव परत आला आणि ती पुन्हा आजारी पडली. डिके यांनी नीट प्रयोग करून १९५० साली आपला प्रबंध लिहिला. त्या आधी या मुलांना केळ्यांवर ठेवण्याची रीत होती. ती बरी दिसत ती केळ्यांमुळे नव्हे, गहू बंद झाल्यामुळे!

संशय आला तर पहिली गोष्ट लक्षात ठेवा. तपासणीआधी गहू बंद करू नका. बंद केला तर तपासणीत काही दिसत नाही आणि दुखणे लपून राहते. आधी रक्त तपासतात. मग तोंडातून बारीक नळी घालून आतड्याचा कणभर तुकडा काढून पाहतात. हे मोठ्या दवाखान्यात होते. निदान झाले की गहू सुटला, तो जन्मभर. यावर दुसरे औषध आज तरी नाही.

खर्च किती येईल, ही भीती मात्र नको. शहरातल्या दुकानात ‘ग्लूटेन फ्री’ लिहिलेले महागडे पाव-बिस्किट मिळते. त्यावाचून काही अडत नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, सगळ्या डाळी, दूध, तूप, अंडी, मटण, भाजीपाला, गूळ, शेंगदाणे हे सारे चालते. एकादशीला वरी, साबुदाणा, राजगिरा खातो, तेही चालते. ज्या मुलखात भाकरी आहे, तिथे हा रोगी उपाशी राहत नाही. पंजाबातल्या आईला ही सोय नाही.

चालत नाही ते असे: पोळी, पाव, रवा, मैदा, शेवया, लापशी, सातूचे पीठ. खपली गहू पचायला हलका म्हणतात, पण तोही गहूच. तो चालत नाही. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो. डबीतल्या बांधणीच्या हिंगात बहुधा मैदा असतो, म्हणजे आमटीतही गहू शिरला. पाकिटावर आतले पदार्थ छापलेले असतात, इंग्रजीत किंवा हिंदीत. ‘गेहूँ’, ‘मैदा’, ‘सूजी’, ‘जौ’ हे शब्द ओळखायला शिका. सूजी म्हणजे रवा.

खरी अडचण पुढेच आहे. “एक घास खाल्ला तर काय मरतोस?” असे प्रेमाने म्हणणारी माणसे घरोघर असतात. एका पोळीचे पन्नास तुकडे करा. त्यातला एक तुकडा रोज पोटात गेला, तरी आतडे बिघडते, असे दिसून आले आहे. म्हणून पिठाच्या धुळीलाही जपावे लागते. गावात गिरणी एकच असते. आधी गहू दळला आणि मागून आपली ज्वारी घातली, तर ज्वारीत गहू आलाच. माझ्या मते जुने जाते काढून धुऊन घ्यावे आणि त्यावर गहू कधीच दळू नये. नाहीतर गहू न दळणारी गिरणी शोधावी. ते पीठ डब्यात भरून, चिठ्ठी लावून मुलाबरोबर द्यावे. तवा, परात, उलथणे वेगळे.

खानावळीत तवा एक, कढई एक, वाढणारा हातही एक. पुऱ्या तळलेल्या तेलात पापड तळतात. भाकरी तुटू नये म्हणून कोणी मूठभर कणीक घालते. मुलाने आचाऱ्याशी समोरासमोर बोलावे. “मला गव्हाचं पीठ विषासारखं आहे. माझी भाकरी आधी करा, माझ्या तव्यावर करा,” असे सांगावे. नुसते ‘पथ्य आहे’ म्हटले तर ते ऐकून सोडून देतात. डॉक्टरांची चिठ्ठी वसतिगृहाच्या प्रमुखाला द्यावी आणि स्वतः शिजवायची लेखी परवानगी मागावी. ती मिळाली तर निम्मे काम झाले. भात, पिठले, उकडलेली अंडी हे करायला मुलालाही यावे. आईने मुलीला शिकवले तसे मुलालाही शिकवावे, त्यात कमीपणा कसला?

मित्रांचे पोर जेवायला गेले की वडापाव. याने काय करावे? मिसळ पावाशिवाय मागतो म्हटले, तरी फरसाणात मैदा असू शकतो. त्यापेक्षा खिशात दाणे, गूळ, राजगिऱ्याचा लाडू ठेवावा. केळे कुठेही मिळते. पण मित्रांपासून लपवू नये. लपवणारा एक दिवस लाजेखातर पाव खातो आणि परीक्षेच्या आदल्या रात्री पोट धरून बसतो. हे दुखणे लागट नाही, शेजारी बसून जेवले तरी कोणाला होत नाही, हेही सांगून टाकावे.

गहू सुटला की पोट काही आठवड्यांत शांत होते. आतड्याची लव भरून यायला मात्र महिने, कधी वर्षे लागतात. बरे वाटले म्हणून पोळी सुरू करू नये. दिवाळीला मुलगा घरी येईल, तेव्हा करंजी-शंकरपाळ्यांचा आग्रह नको. तांदळाचे अनारसे करा. पुरण वाटीत द्या. पूजेचा रव्याचा प्रसाद त्याने नुसता कपाळाला लावला तर देव रागावत नाही.

आणखी एक. हे दुखणे घराण्यात उतरते. घरात एकाला निघाले, तर आईबाप आणि सख्खी भावंडे यांत साधारण दहांत एकाला असू शकते, आणि पोटाची काही तक्रार नसतानाही असू शकते. तेव्हा मुलाचे निदान झाले की त्याच दवाखान्यात घरच्या सर्वांचे रक्त तपासून घ्यावे.