उमराहचा हिशेब : आधी वहीत, मग तिकिटावर

उमराह करून आलेल्या माणसाला आपल्याकडे दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला सर्वांसमोर, ''आमच्यासाठी दुआ केलीत ना?'' दुसरा जरा बाजूला घेऊन, हळू आवाजात, ''एकंदर किती लागले?'' पहिल्याचे उत्तर लगेच मिळते. दुसऱ्याला मात्र ''अल्लाहने करून घेतले'' एवढेच सांगून विषय संपवला जातो. हे उत्तर खरेच आहे, पण ज्याला पुढच्या वर्षी जायचे आहे त्याच्या काही कामाचे नाही. म्हणून आम्ही आमच्या वहीतले पानच वाचकांपुढे ठेवत आहोत.

आम्ही व्यवसायाने शिंपी. दुकान लहान, हाताखाली दोन कारागीर. नोव्हेंबर २०२४ मध्ये आम्ही, घरचे आणि अम्मी असे तिघे कोणत्याही टूरबरोबर न जाता स्वतः आखणी करून उमराहला गेलो. दिवस मुद्दाम निवडले होते. दिवाळीची शिलाई हातावेगळी झाली होती आणि तुळशीच्या लग्नानंतरची लग्नसराई सुरू व्हायची होती. प्रत्येक धंद्यात अशी एक फट असते. बांधकाम आणि फॅब्रिकेशनवाल्यांना ती पावसाळ्यात मिळते, बेकरीवाल्यांना रमजान ईद उलटल्यावर. आपली फट कोणती हे आधी पाहावे, कारण बंद दुकानाचा खर्च कोणत्याही एजंटच्या कागदावर लिहिलेला नसतो.

एक गोष्ट प्रथमच स्पष्ट करतो. स्वतःची आखणी उमराहपुरतीच चालते, हजला चालत नाही. भारतातून हजला जायचे तर हज कमिटी किंवा सरकारमान्य खाजगी टूर, हे दोनच मार्ग आहेत. 'व्हिजिट व्हिसावर जा, तिकडेच राहा आणि हज करून या' असे सांगणारे लोक आपल्या गावागावांत फिरतात. जून २०२४ च्या हजमध्ये उष्म्याने १,३०० हून अधिक माणसे दगावली. त्यांतील सुमारे ८३ टक्के परवान्याविना आलेली होती, असे सौदी सरकारनेच जाहीर केले. परवाना नसेल तर तंबू मिळत नाही, बस मिळत नाही, उन्हात मैलोन्‌मैल चालावे लागते. २०२५ मध्ये अशा माणसाला २०,००० रियालपर्यंत दंड लावण्याचेही जाहीर झाले होते. स्वस्तातला हज म्हणून जे विकले जाते त्याची किंमत ही अशी आहे.

आता उमराहकडे वळू. सौदी अरबस्तानने सप्टेंबर २०१९ मध्ये पर्यटक व्हिसा खुला केला आणि त्यावर हजचे दिवस सोडून उमराह करता येऊ लागला. आखाती देशांत नोकरी करणाऱ्या आपल्या मुलांना तर तो फार सोपा पडतो. कोकणातल्या कित्येक घरांत मुलगा दुबईहून किंवा कतारहून थेट जातो आणि आईबाप इकडून जातात. इकडच्यांना बहुधा एजंटमार्फत उमराह व्हिसाच घ्यावा लागतो. आम्हीही तसेच केले. एजंटकडून फक्त व्हिसा, बाकी सारे आपले. व्हिसाचे नियम दर मोसमात बदलतात. कधी मुक्कामाचे बुकिंग आधी दाखवावे लागते, कधी लशीचा कागद. तेव्हा व्हिसाचे नियम विचारल्याशिवाय परत न मिळणारे तिकीट काढू नये.

आमचा अंदाज असा होता. तिकिटे तिघांची १,११,००० रुपये. व्हिसा ४३,५००. मदीना मुनव्वरात पाच रात्री, तिघांची एक खोली १९० रियालने, म्हणजे ९५० रियाल. मक्का मुकर्रमात सात रात्री २१० ने १,४७०. प्रवास आणि जियारत १,१२० रियाल. जेवण माणशी रोज ३५ प्रमाणे बारा दिवसांचे १,२६०. हे झाले ४,८०० रियाल. आम्हाला रियाल २३ रुपयांना पडला, म्हणजे १,१०,४०० रुपये. किरकोळीसाठी (सिमकार्ड, औषधे, व्हीलचेअर, हजामत) ६०० रियाल आणि खजूर-भेटवस्तूंसाठी १,००० रियाल धरले. एकूण बेरीज ३,०१,७०० रुपये. माणशी लाखाच्या घरात.

प्रत्यक्षात लागले ३,४५,१७०. हे वरचे ४३,४७० कुठे गेले ते सांगतो, कारण खरा धडा तिथेच आहे.

मक्केतली खोली आम्ही मोबाईलवरून घेतली. 'हरमपासून ६०० मीटर' असे लिहिले होते. ते खोटे नव्हते, पण ते अंतर नकाशावर पट्टी ठेवून मोजलेले होते. प्रत्यक्षात खोली अजयादच्या चढावर, वर वळसा घेणारा रस्ता. आम्ही दहा मिनिटांत उतरायचो. अम्मींचे गुडघे मात्र पहिल्याच दिवशी बोलू लागले. मग टॅक्सी. नमाजच्या वेळी हरमच्या आसपास रस्ते बंद होतात आणि टॅक्सीवाला तोंडाला येईल ते मागतो. सात दिवसांत त्यात ५४० रियाल गेले, म्हणजे १२,४२० रुपये. एवढ्यात इब्राहीम खलील रोडच्या बाजूला, मिसफलाच्या सपाट भागात बरी खोली मिळाली असती आणि आपल्या चवीची हॉटेलेही दारात मिळाली असती. म्हणून मक्केत खोली घेताना मीटर विचारू नयेत. चढ आहे का, जिना आहे का, लिफ्ट आहे का, हे विचारावे. गावातले कोणी तिथे राहून आले असेल तर त्यालाच विचारावे. अजीजियाच्या खोल्या आणखी स्वस्त असतात, पण त्या हरमपासून काही किलोमीटर लांब आहेत. तरुणांनी घ्याव्यात, म्हाताऱ्या माणसाला घेऊन जाणाऱ्याने घेऊ नयेत.

दुसरी गोष्ट कराची. सौदीत व्हॅट २०१८ मध्ये ५ टक्क्यांनी सुरू झाला आणि जुलै २०२० पासून १५ टक्के झाला. मोबाईलच्या पडद्यावर आमची खोली १८० रियालची दिसत होती, पैसे भरताना २१० झाली. पडद्यावरचा आकडा वहीत लिहू नये, शेवटच्या पानावरचा लिहावा. तिथली साप्ताहिक सुटी शुक्रवार-शनिवार असल्याने गुरुवार-शुक्रवारच्या रात्री दर चढतात, कारण जेद्दा-रियाधची कुटुंबे तेव्हाच येतात. चार दिवसांसाठी जाणाऱ्याने मक्केचे दिवस आठवड्याच्या मध्ये ठेवले तर फरक दिसेल. रमजानची तर बातच वेगळी. शेवटच्या दहा दिवसांत तीच खोली कित्येक पटींनी महाग होते.

उरलेला जादा खर्च भेटवस्तूंचा, १,००० ऐवजी २,३५० रियाल. म्हणजे ३१,०५० रुपयांची चूक, आणि ती सर्वस्वी आमची! कोणी फसवले नाही. भाच्याला टोपी, मेव्हण्याला अत्तर, मोहल्ल्यात जानमाज, असे करता करता पिशव्या भरत गेल्या. शिंपी असल्याने कापड हातात घेतले की माल कुठला ते कळते. तिथल्या बाजारातल्या तसबीह, टोप्या, रुमाल यांतला बराच माल चीनमधून आणि आपल्याच उपखंडातून गेलेला असतो. अजवा खजूर आणि जमजम, या दोन गोष्टी मात्र तिथून आणण्याच्याच. ज्यांना द्यायचे त्यांची यादी इथेच करावी आणि समोर रक्कम लिहावी. आम्ही यादी केली होती. रक्कम लिहिली नव्हती.

आता वाचलेल्या पैशांचेही सांगतो. आम्ही तिकीट मुंबई-मदीना आणि जेद्दा-मुंबई असे काढले. जेद्दाला उतरून जेद्दाहूनच परतायचे म्हटले, तर मक्का-मदीना हा सुमारे साडेचारशे किलोमीटरचा प्रवास दोनदा होतो. आमचा तो एकदाच झाला. शिवाय आधी मदीनेत राहिल्याने अम्मींचा थकवा उतरला आणि एहरामही विमानात सांभाळावा लागला नाही. मदीनेहून जाणाऱ्यांचा मीकात जुलहुलैफा. बस तिथे थांबते, रेल्वे थांबत नाही. म्हणून आम्ही खोलीवरच गुसल करून एहराम बांधला. नियत केव्हा करायची हे आपल्या आलिमसाहेबांना विचारून जावे. २०१८ मध्ये सुरू झालेली हरमैन रेल्वे मदीनेहून मक्केला दोन-सव्वादोन तासांत पोहोचवते. तिघांचे सुमारे ५२० रियाल पडले. बस याहून स्वस्त आहे आणि आम्ही दोघेच असतो तर बसनेच गेलो असतो. रेल्वेची तिकिटे आधी काढली तर स्वस्त पडतात. मात्र मक्केचे स्टेशन हरमजवळ नाही, तिथून पुन्हा टॅक्सी करावी लागते.

चलनाचा हिशेब सोपा आहे. सौदी रियाल १९८६ पासून डॉलरला बांधलेला आहे, एक डॉलर म्हणजे ३.७५ रियाल. म्हणून पेपरमधला डॉलरचा भाव ३.७५ ने भागावा. डॉलर ७५ रुपये असेल तर रियाल २०, डॉलर ९० झाला तर रियाल २४. मनी चेंजर यावर किती चढवतो ते लगेच कळते. विमानतळावर रियाल घेऊ नयेत. तिकडे कार्ड वापरताना मशीन 'रुपयांत की रियालमध्ये' असे विचारते, तेव्हा रियालच सांगावे. रुपयांत सांगितले तर भाव ते ठरवतात.

टूरवाल्यांकडून पूर्ण पॅकेज घेतले तर ऑक्टोबर २०२० पासून त्यावर टीसीएस कापला जातो. त्याचे दर अनेकदा बदलले आहेत, तेव्हा बुकिंगच्या दिवशीचा दर विचारावा आणि पॅन नंबर अचूक द्यावा. हा पैसा बुडत नाही, आयकराचे विवरणपत्र भरले की वळता होतो किंवा परत मिळतो. आपले कित्येक कारागीर विवरणपत्रच भरत नाहीत आणि ती रक्कम सोडून देतात. नुसत्या विमान तिकिटाला हा नियम लागत नाही.

एजंटला पैसे देताना रोख देऊ नये, खात्यावर द्यावेत आणि पावती घ्यावी. त्याने पीएनआर दिला म्हणजे तिकीट झाले असे नाही. नुसते जागा धरून ठेवलेले बुकिंगही पीएनआर दाखवते आणि दोन दिवसांनी रद्द होते. तेरा आकडी तिकीट नंबर मागावा आणि विमान कंपनीच्या साइटवर स्वतः तपासावा. उमराहची परवानगी आणि रियाजुल जन्नाची वेळ 'नुसुक' या सरकारी ॲपवर विनामूल्य मिळते. त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नयेत. सामानात खसखस नेऊ नये, तिकडे ती अमली पदार्थात धरली जाते. आणि दुसऱ्याचे पार्सल, मग तो सख्खा चुलत भाऊ का असेना, उघडून पाहिल्याशिवाय नेऊ नये.

राहिला प्रश्न पैसा जमवण्याचा. १९९५ पर्यंत मुंबईहून हाजींचे जहाज जाई, तेव्हाचे वडीलधारे आयुष्यभर साठवत. मलेशियात तर शेतकरी हजसाठी जमीन-जनावरे विकत आणि परत येऊन कंगाल होत. ते पाहून १९५९ मध्ये उंगकू अझीझ या अर्थतज्ज्ञांनी बिनव्याजी बचतीची योजना मांडली. त्यातून १९६३ मध्ये उभी राहिलेली संस्था आज ताबुंग हाजी म्हणून ओळखली जाते. आपल्याकडे तशी संस्था नाही, पण भिशी आहे. लिलावाच्या भिशीत मात्र जो आधी उचलतो तो कमी घेतो आणि पूर्ण भरतो. त्यातले व्याज ओळखावे. आमची चिठ्ठीची होती, वीस जणांची, दरमहा १०,००० ची. आमचे नाव सातव्या महिन्यात निघाले. दोन लाख हाती आले असते, पण पुढचे तेरा हप्ते म्हणजे सरळ कर्जच होते. ते डोक्यावर घेऊन एहराम बांधायला मन तयार होईना. ती पाळी एका सदस्याला मुलीच्या लग्नासाठी दिली आणि त्यांचा अठरावा महिना आम्ही घेतला. बाकीचे पैसे दोन रमजानच्या शिलाईतून वेगळे काढले होते. धंद्याचे भांडवल, म्हणजे अस्तर, बटणे, दोरा यांच्या व्यापाऱ्याचे देणे, त्याला हात लावला नाही.

शाफई मसलकात ऐपत असेल तर उमराह आयुष्यात एकदा वाजिब मानतात, हनफी फिकहात ती सुन्नत आहे. ऐपत मोजताना देणी आणि घरखर्च आधी वजा करायचे, यात मात्र दोन्हींत मतभेद नाही. साठवलेली रक्कम निसाबाइतकी होऊन वर्ष उलटले तर तिच्यावर जकात येते, हे बरेच जण विसरतात.

आमच्या वरच्या आकड्यांत एक ओळ मुद्दामच धरली नव्हती. बंद दुकानाचे अर्ध्या महिन्याचे भाडे ३,५००, लाइट ५००, आणि दोन्ही कारागिरांना सहा-सहा हजार. ते नगावर काम करतात, दुकान बंद म्हणजे त्यांची चूलही बंद. ही १६,००० ची ओळ आम्ही पानाच्या खाली, वेगळ्या शाईने लिहिली आहे.

शेजारचे बेकरीवाले परवा ते सारे पान उतरवून घेऊन गेले. त्यांना बेकरी मुलावर सोपवून रमजानमध्येच जायचे आहे. खोलीच्या आकड्यापुढे त्यांनी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले आणि भेटवस्तूंची ओळ पूर्ण खोडून टाकली. घरच्यांना ती अजून दाखवलेली नाही म्हणाले.