परसातले गवत, अम्मींचे गुडघे आणि बॅटरीचे मशीन

सप्टेंबर सरत आला की कोकणातल्या आमच्या घराभोवतीचे गवत गुडघ्याला लागते. दारापासून विहिरीपर्यंतची पायवाट दिसेनाशी होते. घरातली तरुण मुले कुणी मुंबईत, कुणी आखातात. घरी असतात अम्मी, त्यांचे दुखरे गुडघे आणि फज्रच्या अंधारात विहिरीवर जाऊन वुजू करायची त्यांची जुनी सवय. त्यात हा रत्नागिरीचा मुलूख म्हणजे फुरशांचे माहेर. वीतभर, मातकट रंगाचे हे जनावर पाचोळ्यात पडले तर दिवसाही दिसत नाही. तेव्हा परसातले गवत हा आमच्याकडे शोभेचा प्रश्न नाही, जिवाचा आहे.

पूर्वी कोयता घेऊन गडी यायचा. आता एका दिवसाच्या कामाला माणूस मिळणे कठीण. म्हणून दोन वर्षांपूर्वी आम्ही घाईघाईने बॅटरीवर चालणारे ग्रास कटर मागवले. खोक्यावर व्होल्टचा आकडा मोठा होता आणि किंमत कमी होती, तेवढ्यावरच भुललो. पायवाट अर्धी होते न होते तोच बॅटरी संपली. प्लास्टिकची पाती जांभ्या दगडावर आपटून तुटली आणि तशी पाती बाजारात कुठे मिळेनात. मशीन माळ्यावर गेले, पैसे पाण्यात गेले. इस्राफ म्हणतात तो हाच. दुसऱ्यांदा घेताना मात्र आम्ही नीट विचारपूस केली. त्यातून जे समजले ते इथे मांडतो, म्हणजे तुमचे तरी पैसे वाया जाणार नाहीत.

मशीन चालवणार कोण?

पहिला प्रश्न हाच. मुलगा सुट्टीवर आला की चालवील, या हिशेबाने घेतलेले मशीन वर्षाचे अकरा महिने पडून राहते. गवत त्याच्या सुट्टीची वाट पाहत नाही. जो माणूस कायम घरी असतो, त्याला झेपेल तेच मशीन घ्यावे.

पेट्रोलचे ब्रश कटर ताकदीचे असते यात शंका नाही. पण ते खांद्याला पट्टा लावून वागवावे लागते, वजन सहसा सात-आठ किलो भरते. बहुतेकांत पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागते, दोरी ओढून चालू करावे लागते आणि धूर व आवाज सोसावा लागतो. बॅटरीचे लहान मशीन दोन-तीन किलोंचे असते आणि बटण दाबले की चालू होते. विजेच्या वायरीवर चालणारेही मिळते, स्वस्तही असते. पण ओल्या परसात वायर ओढत फिरणे धोक्याचे, म्हणून आम्ही तो विचार सोडला.

एक मात्र आधीच समजून घ्या. बॅटरीचे लहान मशीन कोवळ्या गवतासाठी आहे. रानमोडी, घाणेरी अशी झुडपे माजली असतील तर तिथे कोयता किंवा पेट्रोलचे मशीनच हवे. एकदा ते साफ करून घ्यावे आणि मग दर पंधरा दिवसांनी बॅटरीच्या मशीनने गवत घोट्याच्या वर येऊ देऊ नये.

बॅटरीचा हिशेब

खोक्यावर कुठे 18 व्होल्ट लिहिलेले असते, कुठे 20, कुठे 21. बहुतेक वेळा आत त्याच पाच सेलांची बॅटरी असते. एक सेल सरासरी 3.6 व्होल्टचा, पूर्ण चार्ज झाला की 4.2 चा. म्हणजे पाच सेलांचे 18 होतात, आणि चार्ज झाल्या झाल्या 21. याहून मोठे आकडे छापलेल्या स्वस्त बॅटऱ्यांतही पुष्कळदा तेच पाच सेल निघतात. म्हणून व्होल्टसोबत अँपिअर-तास, म्हणजे 'एएच' बघा आणि दोन्हींचा गुणाकार करा. 18 व्होल्ट आणि 2 एएच म्हणजे 36 वॅट-तास. मोटर 200 वॅट ओढत असेल तर ही बॅटरी जेमतेम 11 मिनिटे चालेल. 4 एएचची असेल तर साधारण 22 मिनिटे.

घराभोवती गुंठाभर, म्हणजे 1089 चौरस फूट जागा असेल तर 4 एएचची एक किंवा 2 एएचच्या दोन बॅटऱ्या घ्याव्यात. आम्ही दोन घेतल्या. एक चालते तेव्हा दुसरी चार्ज होते, आणि अम्मींना मध्ये बसायला निमित्त मिळते.

दोरी की पाते?

आमच्यासारखी दगडधोंड्यांची जागा असेल तर नायलॉनच्या दोरीचे मशीन बरे. दगडाला लागली तर दोरी थोडी झिजते, एवढेच. लोखंडी पाते दगडावर आपटले तर मशीनला हिसका बसतो. लहान मशीनला बहुधा 1.6 मिलिमीटरची दोरी लागते. जाड दोरी घातली की मोटरवर ताण येतो आणि बॅटरी लवकर उतरते. दोरी सुकून कडक झाली असेल तर रात्रभर पाण्यात भिजत ठेवा, मग ती पटपट तुटत नाही. दोरीचे रीळ आणि जादा बॅटरी जवळच्या शहरात मिळते का, हे विकत घेण्याआधी विचारा. दुकानात मशीन अम्मींच्या हातात देऊन बघा. दांडा त्यांच्या उंचीला बसला पाहिजे, वाकावे लागता कामा नये.

वापरताना

पायांत गमबूट आणि डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण खडे उडतात. मुले आणि कोंबड्या पंधरा मीटर लांब ठेवा. मशीनच्या आवाजाने साप पळेल या भरवशावर राहू नका. आधी काठीने गवत हलवून बघा. नारळाच्या, आंब्याच्या कोवळ्या रोपांभोवती हातानेच गवत काढा, दोरीने साल सोलली गेली की रोप मरते. पावसात मशीन चालवू नका. बॅटरी गरम असताना चार्जिंगला लावू नका आणि हंगाम संपला की ती अर्धी चार्ज करून कोरड्या जागी ठेवा. निकामी झालेली बॅटरी कचऱ्यात किंवा चुलीत टाकू नका. 2022 च्या नियमांप्रमाणे ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

आणि अल्लाह न करो, साप चावलाच तर फडके आवळून बांधणे, कापणे, चोखणे यांत वेळ घालवू नका. चावलेला भाग हलू न देता थेट सरकारी रुग्णालय गाठा.

आता आमच्याकडे असरच्या नमाजनंतर वीसेक मिनिटे मशीन चालते. अम्मी आधी विहिरीची वाट साफ करतात, मग फाटकापर्यंतची. बॅटरी उरली तर शेजारच्या एकट्या राहणाऱ्या खालांच्या दारापुढची पायवाटही होऊन जाते. वाटेतली इजा दूर करणे हाही सदकाच, असे अम्मी म्हणतात आणि दुसरी बॅटरी लावतात.