भाऊजींची गाडी आणि जोराचं वेड

मैत्रिणींनो, ‘गाडीचा विषय पुरुषांचा’ म्हणून पान उलटणार असाल तर जरा थांबा. पैसे घरातलेच जातात, आणि त्या गाडीत मुलांना घेऊन बसतो आपणच.

आमच्या धाकट्या भाऊजींनी दोन वर्षांपूर्वी बीएमडब्ल्यू 330आय घेतली. जुनीच, पण देखणी. हे मॉडेल आपल्याकडे 2019 साली आलं. इंजिन दोनच लिटरचं, पण टर्बोमुळे ताकद 258 अश्वशक्ती. सहा सेकंदांच्या आत गाडी शंभराच्या वेगाला पोचते. आता एवढं पुरे नाही का? पण नाही! ‘वहिनी, स्टेज वन केलं की तीनशेच्या पुढे जाते,’ म्हणाले आणि नेली एका गॅरेजात. जावेने दिवाणखान्याच्या रंगासाठी जपलेले पैसे त्यात गेले. तिला ते कळलं रंगारी दाराशी आल्यावर.

स्टेज वन म्हणजे काही नवा भाग बसवणं नव्हे. इंजिनाला हवा किती, पेट्रोल किती, ठिणगी केव्हा, हे ठरवणारा छोटा संगणक गाडीत असतो. त्यातला हिशेबच बदलतात. मग टर्बो जास्त दाबाने हवा कोंबतो, आणि तिच्या जोडीने पेट्रोलही जास्त जातं. कुकरची शिटी जड करावी तसंच हे. दाब वाढला की पेट्रोलही वरच्या प्रतीचं लागतं, नाहीतर ते अवेळी पेटून इंजिन ठोके देऊ लागतं. म्हणून भाऊजी आता 100 ऑक्टेनचं पेट्रोल शोधत हिंडतात. हा महिन्याचा खर्च आधी कुणी धरलेलाच नव्हता.

गेल्या मे महिन्यात भाऊजी, जाऊ, त्यांची लेक आणि मी पाचगणीहून परतत होतो. पसरणी घाटात भाऊजी वळणापर्यंत सुसाट जायचे, मग कचकन ब्रेक. लेक खिदळत होती. वाई दिसू लागली तसा करपल्याचा वास आला. मला वाटलं, बाहेर कुणी काही जाळतंय. पण भाऊजींचा चेहरा उतरला होता. ब्रेकचं पेडल मऊ पडून पाय खोल जात होता! त्यांनी खालचा गिअर घेतला, वेग उतरवला आणि गाडी कशीबशी कडेला लावली. बराच वेळ कुणी बोललं नाही.

आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी नंतर मला फळ्यावर मांडून दाखवलं. 80 ऐवजी 120 च्या वेगावरून थांबायचं, तर वेग दीडपट पण ब्रेकमधली उष्णता सव्वादोनपट! शिवाय ब्रेकचं तेल पावसाळ्यातल्या मिठासारखं हवेतला ओलावा धरतं. डॉट 4 जातीचं नवं तेल निदान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा धरलेलं 155 च्या आसपासही उकळू शकतं. तेलात बुडबुडे झाले की पेडल स्पंजासारखं दबतं. साधारण दोन वर्षांनी ते बदलायचं असतं. भाऊजींनी गाडी घेतल्यापासून बदललंच नव्हतं! आणि खर्च म्हणाल, तर स्टेज वनपुढे अगदी चिल्लर.

तेव्हा घरात असं खूळ आलंच तर नुसतं भांडू नका, क्रम बदलायला लावा. आधी चांगले टायर, ब्रेकचं नवं तेल, नवे पॅड. मग विमा कंपनीला लेखी कळवणं. न सांगता केलेल्या बदलामुळे अपघातानंतर दावा अडू शकतो. गाडी वॉरंटीत असेल तर इंजिनाची दुरुस्तीही नाकारली जाऊ शकते. ‘मूळ प्रोग्रॅम परत घातला की झालं’ असं गॅरेजवाले सांगतात, पण खुणा पुष्कळदा सापडतातच.

मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरला मात्र सरळ ‘नाही’ म्हणा. मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाने कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर फेरफार करायला बंदी आहे. 2019 च्या दुरुस्तीपासून अशा प्रत्येक फेरफाराला मालकाला 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. शेजारच्या आजोबांची झोपमोड होते ती वेगळीच!

भाऊजींनी तेल आणि पॅड दुसऱ्याच दिवशी बदलून घेतले. परवा म्हणत होते, आता जरा मोठे ब्रेक बसवावेत. जाऊ शांतपणे म्हणाली, ‘बसवा की. पण आधी रंगाऱ्याला फोन करा.’