स्पर्धेसाठीं शरीर कमावतांना

शरीर कमावण्याचा नाद आपल्या समाजाला नवा नाहीं. परंतु कमावलेलें शरीर व्यासपीठावर उभें करून परीक्षकांकडून त्यास गुण मिळवावयाचे, ही गोष्ट पुष्कळ घरांना अजून परकी वाटते. शरीरसौष्ठवाच्या स्पर्धेंत उतरण्याचा विचार आतां कोयनानगरसारख्या डोंगरांतील गांवचा मुलगाहि मनांत आणूं शकतो. अशा वेळीं घरांतील वडील मंडळी बहुधा दोन प्रकारें वागतात. कोणी ‘हें खूळ आपल्या कुळांत कशाला?’ म्हणून उडवून लावतात. कोणी मुलाचे भरलेले दंड पाहून हुरळून जातात, आणि तो काय खातो, काय पितो, किती निजतो, याची पुढें विचारपूसहि करीत नाहींत. या दोहोंपैकीं एकहि वर्तन मुलाच्या हिताचें नाहीं.

अशा स्पर्धेंत पारख कशाची होते, हें आधीं पाहूं. या प्रकारची पहिली मोठी स्पर्धा युजेन सँडो या प्रसिद्ध बलोपासकानें लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्यें १४ सप्टेंबर १९०१ रोजीं भरविली. परीक्षकांत स्वतः सँडो, शिल्पकार चार्ल्स लॉज आणि शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉइल हे होते. परीक्षेच्या बाबी पांच ठरविल्या होत्या: शरीराची एकंदर वाढ, त्या वाढीचा समतोल, स्नायूंचा कस, सर्वसाधारण आरोग्य आणि त्वचेची स्थिति. यांतील चौथी बाब लक्षांत घेण्याजोगी आहे. आजचे परीक्षक स्नायूंचा आकार, प्रमाणबद्धता आणि रेखीवपणा पाहतात. उभ्या असलेल्या तरुणाचें हृदय व मूत्रपिंडें कोणत्या अवस्थेंत आहेत, हें त्यांना मंचाखालून दिसत नाहीं. म्हणून माझें सांगणें एवढेंच कीं, जो चौथा गुण परीक्षकांना देतां येत नाहीं, तो घरानें द्यावा.

सँडोचें नांव आपल्या सातारा जिल्ह्यांत फार पूर्वीं पोंचलें होतें. औंधचे अधिपति भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि (१८६८–१९५१) यांनीं सँडोचीं पुस्तकें व उपकरणें आणवून सुमारें दहा वर्षें त्याच्या पद्धतीनें नियमित व्यायाम केला. पुढें ते सूर्यनमस्कारांकडे वळले, आणि त्यांनीं आपल्या संस्थानांतील शाळांतून नमस्कार सुरू केले. यावरून वजनें उचलणें व्यर्थ, असें कोणी समजूं नये. भार क्रमाक्रमानें वाढविल्याशिवाय स्नायु स्पर्धेइतके वाढत नाहींत. तेथें वजनें हवींतच. परंतु कोयनानगरीं वर्षाकाठीं सुमारें पांच हजार मिलीमीटर पाऊस पडतो, आणि त्यांतील बहुतेक चार महिन्यांत कोसळतो. बाहेर धांवणें अशक्य झालें असतां ओसरीवर सतरंजी टाकून घातलेले नमस्कार दम टिकवितात व सांधे मोकळे ठेवतात.

आतां प्रत्यक्ष तयारीचा क्रम पाहूं. स्नायु वाढविणें हें वर्षांचें काम आहे. स्पर्धेपूर्वींचे तीन-चार महिने मुख्यतः त्यांवरील चरबी उतरविण्याचे असतात. वजन आठवड्यास अर्ध्यापासून एक टक्क्यापर्यंत घटावें. सत्तर किलोच्या तरुणानें आठवड्याला साडेतीनशें ते सातशें ग्रॅमच उतरावें. त्याहून घाई केल्यास चरबीबरोबर कष्टानें मिळविलेला स्नायुहि झिजतो. या काळांत प्रथिन दर किलो वजनामागें दररोज सुमारें १·६ ते २·२ ग्रॅम लागतें; म्हणजे वरील तरुणास ११२ ते १५४ ग्रॅम. आपल्या शाकाहारी स्वयंपाकघरांत तें मिळणें अशक्य नाहीं, पण वाटीभर वरणानें भागणारें नाहीं. शंभर ग्रॅम कोरड्या डाळींत तें सुमारें २२ ग्रॅम असतें, तितक्याच सोयाबीनमध्यें ३६ ग्रॅमच्या वर, पनीरमध्यें सुमारें १८, आणि पाव लिटर दुधांत ८ ग्रॅम. शेंगदाण्यांत प्रथिन पुष्कळ, पण जवळजवळ निम्में तेल. म्हणून ते मोजून खावे. एकादशीच्या साबुदाण्यांत प्रथिन नांवालाच असतें. तेव्हां उपास मोडावयाचा नसेल तर त्या दिवशीं दूध, दहीं व पनीर यांवर भर द्यावा. तूप कमी करावें. तें अजिबात वर्ज्य करूं नये.

येथें एका गोष्टीचा विसर पडूं नये. एकत्र कुटुंबांत एकाचें पथ्य म्हणजे घरांतील स्त्रियांना दुसरा स्वयंपाक. हा भार आईवर किंवा वहिनीवर टाकून मिळविलेल्या चषकांत मुलाचें कौतुक तें काय? त्यानें मटकी स्वतः भिजत घालावी, आपलें अन्न स्वतः तोलावें, स्वतः शिजवावें आणि आपलीं भांडीं घासावींत. जो एवढें करीत नाहीं, त्याची तयारी अजून झालेली नाहीं.

वाग्भटांनीं बलवान् व स्निग्ध आहार घेणाऱ्या माणसासहि अर्ध्या शक्तीनेंच व्यायाम करावयास सांगितलें आहे. स्पर्धेचा अभ्यासी त्या मर्यादेपाशीं थांबत नाहीं. म्हणूनच त्याला विश्रांति अधिक हवी. श्रमानें शिणलेला स्नायु विश्रांतींत व झोंपेंत भरून निघतो. सात-आठ तासांची निद्रा मोडून केलेला व्यायाम बहुधा वायां जातो.

सर्वांत मोठा धोका शेवटच्या आठवड्यांत असतो. त्वचा स्नायूंवर घट्ट बसलेली दिसावी म्हणून पाणी तोडण्याची व मूत्रल औषधें घेण्याची घातक रीत या क्षेत्रांत शिरली आहे. वास्तविक स्नायूचा सुमारें तीन-चतुर्थांश भाग पाणीच असतो, आणि त्यांत सांठलेल्या शर्करेच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारें तीन ग्रॅम पाणी राहतें. पाणी तोडलें कीं स्नायुहि सुकतो. मूत्रल औषधें शरीरांतील सोडियम, पोटॅशियम या क्षारांचा तोल बिघडवितात. या क्षारांवरच हृदयाची लय अवलंबून असते. १९९२ सालीं हॉलंडमधील स्पर्धेनंतर कांहीं तासांतच मोहम्मद बेनअझीझा या नामांकित शरीरपटूचा अंत झाला. त्याचा संबंध अशाच शुष्कतेशीं जोडला गेला. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरांत अमेरिकेंतील तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर वजनगटांत बसण्यासाठीं घाम गाळतां गाळतां सुमारें पांच आठवड्यांच्या आंत मरण पावले, आणि त्यानंतर तेथील वजनाचे नियम बदलावे लागले. स्नायु फुगविणाऱ्या सुयांची कथा निराळी नाहीं. त्या हृदय, यकृत आणि प्रजननशक्ति यांवर घाला घालतात. या सुया काय किंवा मूत्रल औषधें काय, खेळांत निषिद्धच आहेत.

वजनगटाच्या बाबतींत आपल्याच खोऱ्यांतील एक उदाहरण आहे. कोयनानगरहून खालीं वाहत गेलेली कोयना कऱ्हाडास कृष्णेला मिळते. त्या कऱ्हाडाजवळील गोळेश्वर हें खाशाबा जाधव यांचें गांव. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्यें ते ५२ किलोच्या गटांत लढले व सहावे आले. १९५२ सालीं हेलसिंकीस ५७ किलोच्या गटांत लढून त्यांनीं कांस्यपदक जिंकलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तें त्यांना वरच्या गटांत मिळालें, हें अंग वाळवून खालचा गट गांठूं पाहणाऱ्या तरुणानें ध्यानांत ठेवावें.

तेव्हां घरानें द्यावयाचा गुण कसा द्यावा? आरंभींच डॉक्टरांकडून रक्तदाब, रक्त, हृदय व मूत्रपिंडें तपासून घ्यावींत. दर आठवड्यास एका ठराविक सकाळीं वजन करून तें वहींत लिहावें. झोंपेचे तासहि लिहावेत. औषधाच्या गोळ्या व भुकटीचे डबे सर्वांना दिसतील असे ठेवावेत. ज्याला कुलूप लागतें, तें घरांत नको. चक्कर, छातींत धडधड, पायांत गोळे किंवा नेहमीपेक्षां फारच थोडी लघवी यांपैकीं कांहींहि दिसल्यास स्पर्धा त्याच क्षणीं सोडून वैद्यकीय मदत घ्यावी, आणि परत आलेल्या मुलास कोणीहि टोमणा मारूं नये. स्पर्धा पार पडल्यावरहि आहार एकदम न वाढवितां हळूहळू पूर्ववत् करावा.

मंचावरील शरीर कांहीं मिनिटांचें असतें. तेंच शरीर पुढें चाळीस-पन्नास वर्षें संसार चालवावयाचें असतें. त्या दृष्टीनें मुलाकडे पाहणारे परीक्षक घरांतच असतात. त्यांनीं आपलें काम सोडूं नये.